धाकटीसारखं स्वयंपाकघर

धाकट्या जावेच्या नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याही गोळीने थांबणारं नव्हतं. तोंडाने मात्र ती म्हणाली, "छान झालंय हो." त्यातला 'हो' इतका लांबला की नणंदेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तसं बघायला गेलं तर जळण्यासारखं तिथे होतं काय? हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडलेली, फिकट हिरवी कपाटं, पांढराशुभ्र ओटा, जेवणाच्या टेबलावर छतातून लोंबणारे दिवे. असली घरं थोरलीने ढिगाने पाहिली होती. ती पडदे शिवायची. खिडक्यांची मापं घ्यायला घरोघर जायची, लोकांचे सोफे-गालिचे डोळ्यांखालून घालायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगायची, "पैसा आहे, अक्कल नाही." परक्यांच्या थाटामाटाने तिची झोप कधी उडाली नाही. पण धाकटीकडे हे असावं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

कारण धाकटी म्हणजे घरातली धांदरट. हे नाव थोरलीनेच ठेवलेलं. पूर्वी दर रविवारी सगळं कुटुंब थोरलीकडे जेवायला जमायचं. दोघे भाऊ, नणंद, तिचा नवरा, सगळ्यांची पोरं. धाकटी मदतीला आत यायची आणि काही ना काही सांडायची. कप फुटायचा, झाकण पडायचं, भाजी ढवळताना हिचं कोपर थोरलीच्या बरगडीत बसायचं. एकदा ती हळूच म्हणाली होती, "ताई, हा ओटा मला जरा अडचणीचा होतो." त्यावर थोरलीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं होतं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" घर हसलं. धाकटीही हसली. मग ती जेवणं होईपर्यंत पोरांबरोबर बाहेरच बसू लागली, आणि थोरलीला ते बरंच वाटलं.

आणि आता? धाकटीचं घर नवं झालं, तसा एक रविवार तिकडे झाला. मग दुसरा. "तिकडे कसं मोकळं वाटतं," नणंद म्हणाली. पुढे पुढे तर रविवारी कुणाकडे जमायचं हे विचारणंच बंद झालं. थोरली दर आठवड्याला पाहुणी म्हणून जायची, टेबलाशी बसायची, आणि ज्या बाईच्या हातात कप टिकत नव्हता ती त्या पांढऱ्या ओट्यापाशी अशी काही वावरायची की बघत राहावं. शेगडीवर चार भांडी चढलेली, आणि ही इकडे नणंदेशी गप्पा मारतेय. ना आवाज, ना सांडलवंड. पोरं म्हणायची, "काकू, अजून वाढ." थोरली हसून घास गिळायची आणि आतून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला दिवे नको होते, कपाटं नको होती. तिला तिचा रविवार परत हवा होता.

"सगळी जादू त्या स्वयंपाकघराची आहे," तिने नवऱ्याला सांगितलं. "तसलं मिळालं तर मीही करून दाखवीन."

"आपलं काय वाईट आहे?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला काय कळतंय?" ती म्हणाली, आणि विषय तिथे संपला. म्हणजे नवऱ्यापुरता संपला.

धाकटीला सरळ विचारावं, तर नाक कापल्यासारखं झालं असतं. म्हणून थोरलीने तिला पडदे शिवून देऊ केले, तेही फुकट. धाकटीला इतका आनंद झाला की ती लगेच चहा टाकायला वळली. थोरलीने गळ्यातली टेप काढली. खिडकी एकच, तिचं माप क्षणात झालं. मग पडदा जमिनीपासून किती वर हवा ते बघते असं सांगून तिने ओट्याची उंची मोजली, शेगडी भिंतीपासून किती लांब ते मोजलं, कुठला खण कुठे, कुठलं दार कुणीकडे उघडतं, नळ कुठल्या बाजूला, सगळं वहीत टिपून घेतलं. धाकटी तिला बिस्किटं घ्या, बिस्किटं घ्या म्हणत होती.

बँकेतली ठेव मोडली. भिंत पडली. थोरलीने आणलेला सुतार बडबड्या आणि स्वतःवर खूश असा माणूस होता. त्याने तिचं चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

"मॅडम, शेगडी या उजव्या भिंतीला इतकी चिकटून? जरा डावीकडे सरकवू."

"नाही."

"आणि डाव-चमच्यांचा खण डाव्या हाताला? मी सांगतो तसं करा, लोक नाव काढतील माझं."

"तुमचं नाव काढायला मी घर मोडलेलं नाही," थोरली कडाडली. "चित्रात आहे तसं करा. एक खिळाही इकडचा तिकडे नको."

सुताराने खांदे उडवले. घर तिचं, भिंत तिची, हौसेला मोल नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. धाकटी डावरी होती. ती डाव्या हाताने लिहायची, कापायची, ढवळायची, आणि तिने आपलं स्वयंपाकघर तसं मांडून घेतलं होतं. डावरेपण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा विचार कुणी कधी केला नव्हता. थोरलीने तर नाहीच. तिने धाकटीत दोष इतके शोधले होते, की हाताकडे बघायला तिला सवडच मिळाली नाही.

काम पुरं झाल्यावर पहिले चार दिवस थोरली नुसती कपाटांवरून हात फिरवत होती. मग स्वयंपाक सुरू झाला. भाजी परतायला लागली की उजवं कोपर भिंतीवर आपटायचं. डाव घ्यायचा तर उजवा हात अंगावरून पलीकडे न्यायचा. कपाटाचं दार उघडलं की ते तिच्याच तोंडासमोर यायचं, एकदा तर कपाळावर टेंगूळ आलं. भिंत नसल्यामुळे फोडणीचा वास थेट हॉलमध्ये आणि तिने शिवायला घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या पडद्यांत. लोंबत्या दिव्यावर नवरा रोज डोकं आपटायचा, पण बिचारा बोलायचा नाही. पांढऱ्या ओट्यावर चहाचा थेंब वाळला की दिवसभर घासत बसा.

"सुताराने मापात खाल्लंय," ती म्हणाली आणि टेप घेऊन पुन्हा सगळं मोजलं. केसाचाही फरक नव्हता. तेव्हा मात्र तिला रडू आलं. स्वयंपाकघर तेच. तिथे ती धांदरट राणीसारखी वावरते आणि इथे माझी ही गत! म्हणजे स्वयंपाकघरात काही नव्हतंच, तिच्या हातातच काहीतरी आहे. आतापर्यंत थोरली धाकटीच्या घरावर जळत होती, आता हातांवर जळायला लागली.

"सुताराला पुन्हा बोलावू या का?" नवऱ्याने विचारलं.

"आधी रविवार होऊ दे," ती म्हणाली. कारण आमंत्रणं गेली होती.

रविवारी सगळे आले. "अय्या, अगदी धाकटीसारखं!" नणंद दारातूनच ओरडली, आणि थोरलीच्या अर्ध्या आनंदावर तिथेच पाणी पडलं. धाकटी ओट्यापाशी गेली, शेगडीकडे पाहिलं, खण ओढून पाहिला, आणि गप्प येऊन बसली. बघा, ओळखलंन् मेलीने, थोरलीला वाटलं.

जुन्या स्वयंपाकघराला भिंत होती, आत काय चुकतंय ते बाहेर दिसत नव्हतं. आता सगळी पंगत समोर बसून बघत होती. थोरलीने घाईने डाव घ्यायला हात अंगावरून नेला, बाही कढईच्या कानात अडकली, ती सोडवायला गेली तर कोपर भिंतीवर आदळलं, आणि रश्श्याचं पातेलं पांढऱ्या ओट्यावर आडवं झालं.

"वहिनी, आज तू धांदरट झालीस की गं!" नणंद म्हणाली. पोरं खिदळली. थोरलीचा नवराही हसला, हे तिने नीट पाहून ठेवलं.

"ताई, तुम्ही बसा," धाकटी उठून आत आली. तिने ओटा पुसला, उरलेलं पातेल्यात सावरलं, न बघता खण उघडून डाव काढला, न बघता कपाटातून मीठ घेतलं. थोरली बाजूला उभी राहून बघत होती. इतकं जळून, इतकं डोळ्यांत तेल घालून तिने आयुष्यात कुणाकडे पाहिलं नसेल. आणि म्हणूनच तिला दिसलं. डाव डाव्या हातात होता. तो हात मोकळा फिरत होता, आणि उजवीकडची ती भिंत धाकटीच्या वाटेतच येत नव्हती.

थोरलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हणजे ठेव मोडून, घरभर धूळ खाऊन, कपाळावर टेंगूळ घेऊन आपण हिला दुसरं स्वयंपाकघर बांधून दिलं! उद्याच्या उद्या तोडून टाकते, असं सगळ्यांसमोर सांगायला तिने तोंड उघडलं.

पण धाकटी आधी बोलली, अगदी हळू, पाठमोरीच. "पडद्यांच्या निमित्ताने तुम्ही मापं घेत होतात, ते मला दिसलं होतं. म्हटलं, घेऊ देत, आवडलं असेल. पण आज ही शेगडी बघितली आणि..." तिने बाहीने डोळे पुसले. "उजव्या हाताचं माणूस स्वतःसाठी असं लावणारच नाही ना ताई. माझ्यासाठी केलंत. मी इथे रविवारी यायचे तेव्हा जिन्यातच मनात यायचं, आज काय सांडणार, काय फुटणार. आणि तुमच्या हे लक्षात होतं. माझ्या आईनेही कधी असं केलं नाही हो."

थोरलीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते मिटलं.

"आता रविवार पुन्हा इथेच करायचा," धाकटी म्हणाली. "मी येऊन करत जाईन. तुम्ही नुसतं बसायचं. माझ्यासाठीच केलंत ना?"

"मग काय," थोरली म्हणाली. आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही. "आणखी कुणासाठी?"

धाकटीने तिला मिठी मारली, डावासकट. नणंदेने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, की वहिनीने बघा कशी जावेची सोय केली, आणि सगळे थोरलीकडे असे बघू लागले की तिला कुठे बघावं कळेना. रविवार परत मिळाला होता. ती टेबलाशी जाऊन बसली, आपल्याच घरात पाहुण्यासारखी. समोर धाकटी वाढत होती, आनंदाने फुललेली. इतकं चांगलं आपल्याबद्दल आपल्याला कधी वाटलं नाही, आणि हिला ते आपल्याबद्दल किती सहज वाटतं, या विचाराने थोरलीला पुन्हा तिचा हेवा वाटला, आणि तो आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा जास्त बोचला.

सगळे गेल्यावर नवरा दिव्याखालून वाकून आला. "काय मग, उद्या सुताराला फोन करू ना? ती शेगडी तरी हलवून घेऊ."

"काही हलवायचं नाही," थोरली म्हणाली. तिने डाव डाव्या हातात धरून पाहिला. तो तिथे टिकेना. "मी शिकेन."