बेताच्या उंचीचा राक्षस

माझ्या कादंबरीवर चित्रपट काढायचाय असं सांगत ती पोरगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मी तिला दारातूनच वाटेला लावणार होते. मुलांसाठी लिहिलेलं ते पुस्तक दुकानांतून केव्हाच दिसेनासं झालं होतं. बोटभर उंचीच्या माणसांचं एक गाव, तिथे एक दिवस वाट चुकलेला राक्षस येतो आणि गाव त्याला घरी पोहोचवतं, एवढीच गोष्ट. "त्यातल्या पुराचं काय करणार? उडत्या होड्यांचं काय?" मी खडसावून विचारलं.

"मावशी, पूर काढून टाकलाय," ती म्हणाली. "होड्यासुद्धा. राक्षस मात्र ठेवलाय."

इतकं धडधडीत खरं बोलणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडलेच, पण चहा पाजून.

चित्रीकरण फर्निचरच्या एका बंद पडलेल्या गोदामात होतं. रोज सकाळी मी तिथे जाऊन ठाण मांडायचे, कारण पुस्तकाची आणखी काय काय काटछाट होतेय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. सोबत आमचे नवरोबा. त्यांना घरी एकटं सोडायला माझं मन धजत नव्हतं.

नवरोबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. उंची बेताची. शाळेच्या कुठल्याही फोटोत त्यांना शोधायचं तर पुढच्या रांगेत, पोरांमध्ये. ती कसर ते आवाजाने भरून काढायचे. त्यांनी वरच्या मजल्यावर नद्या शिकवायला घेतल्या की खालच्या मजल्यावरच्या वर्गाच्याही पाठ व्हायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं आणि जाताना आवाजही घेऊन गेलं. उरली ती नुसती खरखर. ते दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला आलेल्या आमच्या नातीने ती ऐकली, आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि "हे आजोबा नाहीत" म्हणून हमसून हमसून रडली. एवढीशी पोर ती. पण नवरोबांनी ते जिवाला लावून घेतलं. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. माझ्याशी दोन शब्द, तेही दार लावून. बाकी जगाशी कारभार मानेने आणि हाताने. मुलाचा फोन आला की उठून गॅलरीत जायचे. आधी नात विचारायची, आजोबा कुठेत म्हणून. मग तिनेही विचारणं सोडलं. मी समजावलं, भांडले, हातापाया पडले. ढिम्म. हा माणूस असाच मिटत मिटत जाणार, ही धास्ती माझ्या पोटात कायमची बसली होती.

तर ते गोदाम. पुस्तकातली बोटभर माणसं चित्रपटात कमरेएवढी झाली होती, कारण वाक्यं पाठ करणारी मुलं त्याहून लहान मिळत नाहीत. त्यांना मिशा चिकटवून, पोटांवर उशा बांधून गावकरी केलं होतं आणि त्यांच्या मापाची घरं उभी केली होती. सेट बांधताना राक्षसाच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून ही बुटकी पोरगी स्वतःच उभी राहायची आणि सुतार तिच्या अंगाने मापं घ्यायचा. राक्षसाच्या भूमिकेसाठी मात्र तिने ठरवला होता एक पहिलवान. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण तिथे त्यांची गाठभेट काही झाली नव्हती.

पहिलवान आला. त्याने गल्लीत पहिलं पाऊल टाकलं आणि खांद्याने घड्याळाचा मनोरा आडवा केला. दुसऱ्या पावलाला बेकरी गेली. "सॉरी, सॉरी" म्हणत वळला, तर नगरपालिका. कॅमेरावाला मागे सरकत सरकत भिंतीला टेकला, तरी पहिलवानाचं डोकं काही चौकटीत मावेना. मुलं हसून हसून लोळायला लागली. पोरगी मात्र मटकन खाली बसली. पहिलवानाच्या मापाचं नवं गाव बांधायची ऐपत नव्हती आणि गोदाम लवकरच रिकामं करून द्यायचं होतं. पहिलवान बिचारा ओशाळून स्वतःच हातोडी घेऊन मनोऱ्याला लागला.

"माझ्या उंचीचं कुणीतरी हवं होतं," ती पुटपुटली. मान वर केली तर समोर स्टुलावर नवरोबा, मांडीवर माझी पिशवी सांभाळत.

"काका, जरा गल्लीत उभे राहता?"

मी मध्ये पडले. "अगं, त्यांना नाही आवडत बोलायला. भलतं काही सुचवू नकोस."

"बोलायचं नाहीच, मावशी. आवाज नंतर दुसऱ्या कुणाचातरी घालू. काकांनी नुसतं उभं राहायचं."

मला वाटलं, हात हलवून नको म्हणतील. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठले. पडलेलं गाव पुन्हा उभं होईपर्यंत दाढी चिकटली, पहिलवानाचा अंगरखा टाचण्या मारून आवळला गेला. छपरं बरोबर त्यांच्या काखेपाशी आली, मनोरा जेमतेम हनुवटीला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले आणि बघतच राहिले. माझा नवरा आख्ख्या गावाहून मोठा दिसत होता. मला असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

राक्षसाची वाक्यं पोरगी कॅमेऱ्यामागून म्हणणार असं ठरलं. झालं भलतंच. ती बोलली की सगळी मिशाळ मंडळी गर्रकन तिच्याकडे बघायची. राक्षस एकीकडे, गावाची नजर दुसरीकडे. "माझ्याकडे नाही, काकांकडे बघा!" असं ती ओरडली की त्या ओरडण्याकडे बघायची. मग ती नवरोबांच्या पाठीमागे लपून बोलली, तर मुलं माना वाकड्या करून तिला शोधायला लागली. छपरातल्या काचांमधून येणारा उजेड उतरत चालला होता आणि सगळं काम त्या उजेडावरच होतं.

शेवटी ती नवरोबांजवळ आली. "काका, तुम्हीच म्हणाल का? तो आवाज आपण ठेवणार नाही. मुलांनी तुमच्याकडे बघावं, एवढ्यासाठीच."

नवरोबा माझ्याकडे बघत राहिले. नको, राहू द्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. आणखी एखादं पोर रडलं असतं, तर ते माझ्याशीही बोलायचे बंद झाले असते. पण मी गप्प बसले.

ते मुलांकडे वाकले. "घाबरू नका," ते म्हणाले. "मी फक्त पत्ता विचारायला आलोय."

खरखर गोदामभर घुमली. सगळं गाव एकदम मागे सरलं. नगराध्यक्ष झालेली चिमुरडी धपकन खाली बसली आणि तिची मिशी एका बाजूने सुटली. मी पिशवी घेऊन उठलेच. तेवढ्यात हवालदार झालेला, सकाळपासून वाक्य विसरणारा पोरगा दबकत एक पाऊल पुढे आला.

"पत्ता... कुणाचा पत्ता?"

"माझाच," नवरोबा म्हणाले. "माझं घर मला सापडत नाहीये."

"कट!" पोरगी ओरडली आणि मुलांचा नुसता लोंढा आला. "आजोबा, परत काढा ना तो आवाज!" "कसा काढता? आम्हाला शिकवा!" नगराध्यक्षांनी मिशी हातात घेऊन घसा खरवडून दाखवला. बघता बघता गोदामात सगळे राक्षसच राक्षस.

"असं नाही, पोटातून," नवरोबा म्हणाले. "आधी श्वास भरून घ्या. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा!"

मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. साउंडवाला कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, "ताई, ह्या आवाजावर दुसरा आवाज घालणार असाल तर मी चाललो घरी." ती हसली. मी तिला घट्ट मिठी मारली. तिच्या उंचीबद्दल, तिच्या वेंधळेपणाबद्दल, पहिलवानाच्या रुंद खांद्यांबद्दल, सगळ्याबद्दल मी त्या क्षणी मनापासून आभारी होते आणि आजही आहे.

संध्याकाळी घरी आलो. दाढीचा डिंक हनुवटीवर तसाच. नवरोबांनी चपलाही न काढता फोन उचलला आणि स्पीकरवर टाकून मुलाला लावला. घेतला तो नातीने.

"हॅलो, कोण?"

"आजोबा."

मला वाटलं, आता ठेवणार. नवरोबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"खरंच आजोबा?"

"हो गं. आता आवाज असाच आहे माझा."

"मी रडले म्हणून तुम्ही माझ्याशी कट्टी केलीत ना?" ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "मला सॉरी म्हणायचं होतं. तुम्ही फोनवर येतच नव्हता."

नवरोबा भिंतीला धरून जमिनीवर बसले. तिला भीती वाटू नये म्हणून हा माणूस इतके दिवस गप्प होता आणि ते पोर तिकडे स्वतःला दोष देत बसलं होतं. हे आम्हा दोघांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"नाही गं, राणी," ते म्हणाले. "कट्टी कधीच नव्हती. रडू नकोस. बोल, मी ऐकतोय."

"नाही," ती नाक ओढत म्हणाली. "तुम्ही बोला."