सभापतींचं मत

बुटांखालचा बर्फ वितळला की टाउन हॉलच्या फळ्यांवरचं पाणी नेहमी ईशान्य कोपऱ्याकडे जातं. इमारत त्या बाजूला बोटभर खचली आहे. मार्चच्या सभेला तिथे कोणी बसत नाही. मला उशीर झाला होता, म्हणून मी तिथे बसले.

समोर, हातोडा घेऊन, माझे बाबा. ऑरिन प्रॅट, वेस्ट हार्लोच्या वार्षिक सभेचे सभापती. गावाचं जे काही ठरतं ते वर्षातून एकदा इथे, सगळ्यांच्या देखत ठरतं. इतक्या वर्षांत बाबांनी स्वतःचं मत कधी कोणाला कळू दिलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. व्हरमाँटच्या या कोपऱ्यात त्यांच्या निःपक्षपातीपणाचं फार कौतुक होतं. आईला कधीच नव्हतं.

ठराव माझ्या शाळेचा होता. दोन खोल्या, मी एकटी शिक्षिका. ती बंद करून मुलांना बसने डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवायचं. दरवर्षी हा ठराव पुढे ढकलला जाई. एकदा समिती नेमली, एकदा छपराचा अहवाल यायचा होता, एकदा तर सभेनंतरच्या जेवणाचे बीन्स गार होत होते. शाळेचा खर्च घरपट्टीतून चाले, यंदा ती वाढली होती आणि ढकलायला कोणी तयार नव्हतं.

चर्चा शिस्तीत झाली. बर्निस लाफ्लामने सांगितलं की तिचा नातू डोंगराच्या त्या वळणांवर ओकतो. वेंडेल गियोने मागच्या हिवाळ्याआधी गाई विकल्या होत्या. तो म्हणाला की मुलं त्यालाही आवडतात, पण राहतं घर जरा जास्त आवडतं. त्याला पुन्हा बोलायचं होतं. जे एकदाही बोलले नव्हते ते सगळे बोलून होईपर्यंत बाबांनी त्याला थांबवलं. कोणी कोणाला मध्ये तोडलं नाही.

आवाजी मतदानात काही कळेना. बाबांनी उभं राहायला सांगितलं. आधी 'हो'वाले उठले, मग आम्ही. ग्रामलेखिकेने डोकी मोजली, पुन्हा मोजली. दोन्हीकडे सारखी.

बरोबरी झाली की ठराव पडतो. सभापतींना मत देता येतं, पण द्यावंच लागत नाही. बर्निसने लांबूनच माझ्याकडे पाहून मान डोलावली. शाळा वाचली होती.

तेवढ्यात वेंडेल उठला.

"सभापती महाशय, त्या 'नाही'मधलं एक मत तुमच्या पोरीचं. पगारही तिचाच. आता तुम्ही गप्प बसलात की झालं, घरच्या घरी."

मागे कोणीतरी हसलं.

"खाली बस रे," बर्निस म्हणाली. "तुझ्या गाई गेल्या म्हणून आमची पोरंही घालवतोस का?"

"जे बोलायचं ते सभापतींना उद्देशून बोला," बाबा म्हणाले.

त्यांचं मत मला माहीत होतं. ते याच शाळेत वाचायला शिकले. सत्तरी ओलांडली तरी दर पानगळीत शिडी लावून तिच्या पन्हळीतली पानं काढतात. पण कॉलरच्या वर चढत गेलेला तो लाल रंगही मला माहीत होता. ते आता शाळेचा विचार करत नव्हते. रांगेरांगेने चेहरे पाहत होते, वेंडेलचं कोणाकोणाला पटलं ते. काहींनी नजर खाली घातली होती.

मी उभी राहून बोलायची परवानगी मागितली.

"चर्चा संपली आहे, मिस प्रॅट."

"बाबा," मी म्हणाले. त्या हॉलमध्ये मी त्यांना या नावाने कधी हाक मारली नव्हती. "तुम्ही गप्प राहिलात तरी चालतं. नियमातच आहे."

पाळी नसताना बोलणाऱ्या कोणाकडेही त्यांनी जसं पाहिलं असतं, तसं माझ्याकडे पाहिलं. हातोडा बाजूला ठेवला.

"सभापती मत देत आहेत," ते म्हणाले. "हो. शाळा बंद."