नॉर्बर्टच्या नावावरचे चेंडू

आमच्या नॉयडॉर्फ गावात कुणी मेलं तर लोक दोन दिवस बोलतात. बेसबॉलच्या मैदानाबाहेरच्या मानाच्या भिंतीवर कुणाचं नाव लागावं, यावर मात्र बारा महिने भांडतात. भिंत आमच्याच खाणीतल्या ग्रॅनाइटची. दर जूनला तिच्यावर एका निवृत्त खेळाडूचं नाव कोरतात, आणि ते कुणाचं हे आम्ही चौघं ठरवतो. चौघांचं एकमत झालं तरच. एकानं नकार दिला की विषय संपला.

मी लिओना ब्रिंकहाउस. चौतीस वर्षं टीमची स्कोअरची वही मी लिहिली, तीही शाईनं. पेन्सिलीनं लिहितात ती डरपोक माणसं. गावात पैज लागली की लोक माझ्या घरी फोन करायचे, आणि मी सांगेन ते खरं. याचा मला गर्व होता, कशाला खोटं बोलू?

फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी दहाला माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या तळघरात आम्ही बसलो. बाहेर उणे चोवीस. लेरॉय काल्क अध्यक्ष, कारण हार्डवेअरचं दुकान त्याचं आणि कॉफीचं भांडंही त्याचंच. शेजारी फादर क्लेमन्स, खारकेच्या वड्यांचा डबा स्वतःकडे ओढून. समोर ड्वेन हेमेश. ड्वेन म्हणजे आमचा हिरा, भिंतीवर त्याचं नाव कधीच लागलंय. याच मैदानावरून उचलला गेलेला पिचर, देशातल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये सहा वर्षं चेंडू टाकून आला. आता साठीला टेकलाय, पण तो रस्त्यानं गेला की अजून पोरं सायकली थांबवतात.

"दोन नावं आहेत," लेरॉय म्हणाला. "डेनी वायमर आणि नॉर्बर्ट थीलेन."

"डेनी!" ड्वेन लगेच म्हणाला. "दोनशे अकरा होमरन. बोलायचं काय त्यात?"

"आणि त्यातला एक कुंपणावरून थेट दफनभूमीत," फादर म्हणाले. "माझ्या आधीचे फादर एका बाईला पुरत होते. चेंडू शवपेटीशेजारी येऊन पडला म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मेलेलीच्या नवऱ्यानंसुद्धा."

आम्ही हसलो. डेनी होताच तसा. बॅट खांद्यावर टाकून यायचा आणि हॉटडॉगच्या रांगेतली माणसं रांग सोडून कुंपणाशी धावायची. त्याला कुणी नाही म्हणत नव्हतं.

"पण डेनीचं हे दुसरंच वर्ष," लेरॉय म्हणाला. "त्याला अजून आठ आहेत. नॉर्बचं दहावं. या वेळी नाही तर त्याचं नाव कायमचं बाद. नियम आहे."

 मी माझ्या कपातली कॉफी ढवळत राहिले.

नॉर्बर्ट आमचा कॅचर, पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारा. एकोणीस वर्षं पिचरच्या समोर उकिडवा बसला. आठवडाभर खाणीत दगड फोडायचा आणि रविवारी डोक्यावर मुखवटा चढवून पुन्हा गुडघ्यांवर. बॅट हातात घेतली की आनंदच होता. पण त्याच्या उजव्या हाताची चार बोटं चार दिशांना वळलेली आहेत. सगळी चेंडू अडवताना मोडली, आणि त्यातलं एकही मोडलं म्हणून तो मैदानातून बाहेर आला नाही. बोटाला चिकटपट्टी लावायची, थुंकायचं, खाली बसायचं. माझ्या आयुष्यात मी इतका चिवट माणूस पाहिला नाही.

आणि दर जूनला, नव्या नावावरचं कापड काढतात त्या दिवशी, तो इस्त्रीचा शर्ट घालून गर्दीच्या मागे उभा राहतो. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवतो आणि केक कापायच्या आत घरी जातो. त्याला ते नाव किती हवंय हे आंधळ्यालाही दिसेल.

"मी नॉर्बच्या बाजूनं," फादर म्हणाले. "दरवर्षीसारखा."

"मीही," लेरॉय म्हणाला. "माणूस म्हणून त्याच्यासारखा..."

"माणूस म्हणून नाही, लेरॉय!" ड्वेननं कप आपटला. "भिंत खेळाडूंची आहे. चौऱ्याहत्तर साली एका उन्हाळ्यात बावीस चेंडू त्याच्या हातून निसटले. बावीस! जिल्ह्यात कुठल्या कॅचरचे एवढे नाहीत. मी सांगत नाही, लिओनाची वही सांगते. आणि त्याच ऑगस्टमधल्या राज्य स्पर्धेतला तो चेंडू? शेवटचा डाव, धावा बरोबरीत, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस, तो घरी पोचला की ते जिंकले. चेंडू याच्या हाताखालून गेला, तो माणूस धावला आणि आपण हरून परत आलो. गावानं चाळीस वर्षं त्याचा राग धरलाय. त्याचं नाव कोरलंत तर लोक काय म्हणतील?"

लेरॉयनं माझ्याकडे पाहिलं. "लिओना?"

नऊ वर्षं अशीच वेळ आली होती. नऊ वर्षं मी नॉर्बसाठी हात वर केला आणि तोंड मिटून घेतलं. ड्वेन माझ्या वहीचं नाव घ्यायचा आणि मी खारकेची वडी चघळत बसायचे. लाज वाटते सांगायला, पण वही मला नॉर्बहून प्यारी होती. आता दहावं वर्ष आलं होतं आणि मी वडीला हात लावला नाही.

"वही खोटी आहे," मी म्हणाले.

"काय?"

"बहिरा झालास का? वही खोटी आहे. मी खोटी लिहिली."

फादरांनी डब्याचं झाकण लावलं. "लिओना, आपण चर्चमध्ये बोलूया का?"

"नको, फादर. तिथं तुम्ही एकटेच ऐकाल."

आणि मी सांगून टाकलं. चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला की दोष कुणाचा, ते स्कोअर लिहिणारी ठरवते. पिचरनं वाट्टेल तसा फेकला असेल तर त्याचा, अडवण्यासारखा असून सुटला असेल तर कॅचरचा. कॅचरचा लिहिला की त्यातून झालेली धाव पिचरच्या नावावर लागत नाही. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये ड्वेननं एक वळणारा चेंडू कॅचरसमोरच्या प्लेटच्या हातभर अलीकडे आपटला. धूळ उडाली, चेंडू कुंपणापर्यंत गेला, दोन धावा झाल्या. सामना संपल्यावर नॉर्ब मुखवटा काखेत धरून माझ्या टेबलाशी आला.

"लिओना, तो माझा लिही," म्हणाला.

"अरे, डोळ्यांदेखत जमिनीत आपटला की!"

"माझा म्हणतोय ना! पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. पेपरात त्याच्या नावावरच्या धावांचा आकडा वाढलेला दिसला की घाबरतं, मग वळणारा खाली टाकतच नाही. मी त्याला सांगितलंय, तू बिनधास्त टाक, अडला नाही तर चूक माझी. आता मी शब्द फिरवू का? ऑगस्टमध्ये मोठ्या लीगचा माणूस बघायला येणार आहे. लिही मुकाट्यानं."

मी लिहिलं. पुढच्या रविवारी तो परत आला, त्याच्या पुढच्याही आला. मी नको म्हटलं की माझ्यावरच ओरडायचा. मागून नाही घेतलं हो त्यानं, भांडून घेतलं.

"बावीसपैकी सतरा त्याचे नाहीत, ड्वेन," मी म्हणाले. "तुझे आहेत."

ड्वेनचा चेहरा लालभडक झाला. "म्हणजे मी खोट्या आकड्यावर वर गेलो? असं म्हणायचंय तुला?"

"तू तुझ्या हातावर वर गेलास. पण तो हात धीट कुणी केला, ते सांगतेय."

"आणि राज्य स्पर्धेतला? तोही माझाच?"

इथं मी अडकले. खोटं सुरू मीच केलं होतं, ते थांबवायलाही मलाच हवं होतं. "नाही," मी म्हणाले. "तो मला नॉर्बनं सांगितला नाही. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सरळ त्याच्या हाताखालून गेला. त्याचाच होता."

"झालं तर मग!" ड्वेन म्हणाला. पण त्याचा आवाज चिरका निघाला. "आणि त्या सतरांचं तरी कशावरून? चाळीस वर्षांनी आठवलं हिला? नॉर्बलाच विचारा."

लेरॉयनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. पाच-सहा वेळा वाजल्यावर नॉर्बनं उचलला.

"कोण, लेरॉय? त्या बर्फ उडवायच्या मशीनचा पट्टा आला का?"

"पट्टा मंगळवारी. ऐक, नॉर्ब, आम्ही बैठकीत आहोत. लिओना म्हणते, चौऱ्याहत्तरचे सतरा चेंडू ड्वेनचे होते आणि तू ते तुझ्या नावावर घेतलेस. खरं का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "ड्वेन आहे तिथं?"

"आहे. समोरच बसलाय."

"मग ऐकू दे त्यालाही. सगळे माझे होते. माझे गुडघे तेव्हाच गेलेले, खाली जायला वेळ लागायचा. लिओनाचं वय झालंय, तिचं काय मनावर घेता?"

मला इतका संताप आला! म्हातारी म्हणाला तो मला. मी वाकून फोनवर ओरडले, "नॉर्बर्ट थीलेन, मी तुझ्याहून एका वर्षानंच मोठी आहे! अरे, हे शेवटचं वर्ष आहे तुझं. आता खरं बोलला नाहीस तर तुझं नाव कधीच लागायचं नाही, कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. "कॅलेंडर आहे माझ्याकडे." मग त्यानं विचारलं, "ड्वेन, खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणे तुझं. हात वर जातो का आता?"

ड्वेन खांद्यावर हात ठेवून फोनकडे बघत राहिला.

"थंडीत शेकत जा," नॉर्ब म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी खुर्चीत मागे टेकले. संपलं, म्हटलं. आता माझी वहीही गेली आणि नॉर्बचं नावही. लेरॉय चष्मा पुसत बसला. फादर कपाळाला हात लावून होते.

"खूण एका बोटाची होती," ड्वेन म्हणाला.

आम्हाला कळेना तो काय बोलतोय.

"राज्य स्पर्धेत. त्या शेवटच्या चेंडूला. कॅचरची खूण, एक बोट म्हणजे सरळ टाक, दोन बोटं म्हणजे वळणारा. नॉर्बनं एक दाखवलं. मला वाटलं, याला काय कळतंय, खाणीतला माणूस, मला बघायला मोठ्या लीगचा माणूस बसलाय. मी मान डोलावली आणि वळणारा टाकला. तो सरळ चेंडूसाठी वर हात धरून बसलेला. प्रेक्षकांच्या बाकांवरून दिसणार काय कुणाला? सगळ्यांना वाटलं, याच्या हाताखालून गेला." त्यानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.  "लोक ओरडत होते त्याच्यावर. त्यानं मुखवटा काढला आणि सगळ्यांकडे बघून स्वतःच्या छातीवर हात ठेवला, माझी चूक म्हणून. मी मागे उभा होतो. मी काही बोललो नाही. मोठ्या लीगच्या माणसाला कळलं असतं, पोरगं कॅचरचं ऐकत नाही, तर तो उठून गेला असता. पुढच्या आठवड्यात माझा करार झाला."

"तू आणि नॉर्ब कधी बोललात यावर?" फादरांनी हळूच विचारलं.

"एकदाच. बसमध्ये. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, तुझ्या आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." ड्वेन रडत होता आणि पुसतही नव्हता. "नऊ वर्षं मी नाही म्हणतोय. त्याचं नाव लागलं की त्या भिंतीसमोर रोज कुणीतरी तो चेंडू काढणार, आणि मला ऐकावं लागणार. म्हणून. दुसरं कारण नाही. त्याच्यासारखा कॅचर मोठ्या लीगमध्येही मला मिळाला नाही, लेरॉय. सहा वर्षांत एकही नाही."

त्याचा राग यायला हवा होता मला. पण मीही नऊ वर्षं तिथंच बसले होते, आणि माझ्याकडे तर करारसुद्धा नव्हता.

"लिही, लिओना," तो म्हणाला. "अठरा माझ्या नावावर. आणि माझ्या नावाखाली भिंतीवर धावांचा जो आकडा कोरलाय, तो बदला. खर्च माझा." मग त्यानं उजवा हात वर केला. ऑपरेशन झालेला खांदा, कानाच्या वर जाईना, तरी त्यानं तो डाव्या हातानं कोपराला धरून वर ढकलला. आमचे तीन हात वर गेलेलेच होते.

लेरॉयनं पुन्हा फोन लावला.

"आता काय?" नॉर्ब वैतागून म्हणाला.

"नॉर्ब, तुझं नाव लागतंय. चौघांचं एकमत."

"ड्वेनचंही?"

"ड्वेनचंही. त्यानं आम्हाला एका बोटाचं सांगितलं."

 नॉर्ब भडकला. "मूर्ख! गाढव! चाळीस वर्षं मी जपलं आणि हा आज बोलून बसला! कुणी सांगितलं होतं त्याला? आता लोक त्याला नावं ठेवतील, कळत नाही का त्याला?"

"ठेवू देत," ड्वेन फोनकडे वाकून म्हणाला.

नॉर्बनं आणखी एक शिवी द्यायला सुरुवात केली, ती अर्ध्यातच राहिली. मग नुसते हुंदके यायला लागले, मोठ्या माणसाचे, सवय नसलेले. फोन ठेवायचं त्याला सुचलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी बटण दाबलं नाही. कॉफी थंड होऊन गेली, तरी आम्ही चौघं माना खाली घालून ते ऐकत बसलो होतो.