चौदा उलटी वाक्यं

मी तोंडाची फटकळ. त्यामुळे टायपिस्ट काकू "अगं, तुझा निकाल चुकलाय" म्हणाल्या, तेव्हा मी फाडकन बोलून गेले, "काकू, तुम्ही आकडे भरा, मानसशास्त्र मी बघते."

आमच्या संशोधन केंद्रातून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला गप्पांचा फोन जायचा. त्याने एकटेपणा कमी होतो का, हा माझ्या पीएचडीचा विषय. निम्म्यांना फोन, निम्म्यांना नाही. सहा महिन्यांनी सगळ्यांकडून वीस वाक्यांची प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण, बेरीज जास्त तितका एकटेपणा जास्त. आकडे आले ते भलतेच. फोन घेणारेच जास्त एकटे! असा उलटा निकाल म्हणजे नवा शोध, म्हणून माझे गाईड हुरळून गेले. संचालक मॅडमनी तर फोन बंद करायचंच ठरवून टाकलं.

काकू हटेनात. दोनशे फॉर्म त्यांनीच कॉम्प्युटरवर चढवले होते. सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म त्यांनी माझ्यापुढे आपटला. समासात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'मंगळवारी फोन येतो. सोमवारपासूनच बरं वाटतं.'

"आणि हे आजोबा तुझ्या यादीत सगळ्यात एकटे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मी तणतणतच फाइल उघडली, आणि पायाखालची जमीन सरकली. लोकांनी डोळे झाकून खुणा करू नयेत म्हणून वीसपैकी चौदा वाक्यं मी उलटी घातली होती, 'मला बोलायला माणूस आहे' अशी. त्यांचे गुण बेरजेआधी फिरवायचे असतात. पाचाचा एक, एकाचे पाच. मी फिरवलेच नव्हते! ज्यांना बोलायला माणूस मिळाला, त्यांनाच मी एकटं ठरवून बसले होते.

गुण फिरवले. फोनचा उपयोग होत होता, चांगलाच होत होता. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, फोन बंद होणार म्हणून सगळ्यांना पत्रं गेली असतील. काकूंना मागच्याच आठवड्यात दिलीत छापायला."

तशीच पळत काकूंकडे आले. त्या शांतपणे चहा पीत होत्या.

"कुठली पत्रं? मी छापलीच नाहीत. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते, प्रिंटर बिघडलाय."

मला रडूच फुटलं. "काकू, मी तुम्हाला काय काय बोलले! तुमचे उपकार कसे फेडू?"

"पुरे गं," पदराने कप पुसत त्या म्हणाल्या. "आठवडाभर मला धड झोप नव्हती. तुझंच बरोबर निघालं असतं, तर पत्रं अडवली म्हणून नोकरी जाऊन आज मी घरी बसले असते."