झोका थांबेपर्यंत

शिडीच्या मध्यावर काकू थांबल्या, तशा खाली उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण काकू घाबरल्या नव्हत्या. गुडघा कुरकुरत होता. तो चोळून त्या वर गेल्या आणि क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या.

क्रेन चालवायला शिकवणाऱ्या वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच काकू. लोकांची धुणीभांडी करण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी भीती वाटते का विचारलं, तर म्हणाल्या, सासूबाईंच्या हाताखाली नांदलेय, क्रेनचं काय घेऊन बसलात.

एका कंपनीने वस्तीतल्या केंद्राला या प्रशिक्षणासाठी देणगी दिली, ती मुळात तरुण पोरांसाठी. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी कंपनीच्या मागे लागून बायकांची तुकडी काढायला लावली, वर पाळणाघराचा खर्चही मागून घेतला. लेकरं सांभाळायला कुणी नसेल तर वर्गाला येणार कोण? कंपनीने मानलं, पण एक अट घातली. या तुकडीतून एकही बाई पास झाली नाही, तर पुढे बायकांसाठी मदत नाही. आणि आज परीक्षेला सकाळपासून जी जी वर चढली, ती नापास होऊन उतरली होती. उरल्या फक्त काकू.

परीक्षा चालली होती त्याच मालाच्या यार्डात काकूंचा नवरा हमाल होता. क्रेनने घाईत उचललेला बोजा झुलत येऊन त्याच्या पायावर आदळला, तेव्हापासून तो कुबडी घेऊन घरी बसलेला. यार्डाचं नाव निघालं तरी ताटावरून उठायचा. काकू शिकायला लागल्या तेव्हा आठवडाभर बोलला नाही. आज मात्र मुकाट्याने मागोमाग आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला.

काकूंनी क्रेनने पेटी उचलली. ठरल्या वेळेत ती कुठेही न धडकवता पलीकडे आखलेल्या चौकोनात ठेवायची होती. अर्ध्या वाटेत वारा सुटला आणि पेटी हेलकावे खाऊ लागली. आधीच्या बायकांनी इथेच घाई केली होती आणि पेटी वाटेतल्या कठड्याला धडकली होती. काकूंनी दांड्यावरचा हात काढून घेतला.

वायरलेसवर परीक्षकांचा आवाज आला, "काकू, वेळ चाललाय."

"जाऊ द्या साहेब. झोका थांबल्याशिवाय मी नाही हलवायची. खाली माणसं असतात."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. केंद्राच्या बाई फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांना बघवेना. पेटी डुलत राहिली, मग हळूहळू शांत झाली. काकूंनी दांडा धरला, पेटी पुढे नेली आणि आखलेल्या चौकोनात अशी टेकवली की धूळही उडाली नाही.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपायला थोडासाच अवकाश होता. "पास," ते म्हणाले.

मग जो गलका झाला, त्यात बाईंनी कंपनीला फोन लावला आणि पुढच्या तुकडीची नावं घ्यायला सुरुवात करते म्हणून सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं.

काकू उतरल्या, तर नवरा फाटकातून आत आलेला. पेटीजवळ उभा होता, तिच्यावर तळहात ठेवून.

"हळू ठेवलीस," तो म्हणाला.

काकूंना हेल्मेटचा पट्टा काही सुटेना. त्याने कुबडी पेटीला टेकवली आणि दोन्ही हातांनी तो सोडवू लागला.