शुक्रवारची शंभर डोकी

शुक्रवारी लंडनच्या संसदेत खासदार सापडणं म्हणजे नवलच. गुरुवारी संध्याकाळीच सगळे बॅगा उचलून आपापल्या गावी पळतात आणि शुक्रवारी तिथल्या वाचनालयात टेबल टाकून तुंबलेली गटारं, शेजाऱ्यांची कुत्री आणि अडकलेल्या पेन्शनी ऐकत बसतात. अशा ओसाड दिवशी हेस्टर ऑकरॉइडला शंभर खासदार हवे होते.

नियमच तसा होता. मंत्री नसलेल्या साध्या खासदाराने आणलेलं विधेयक शुक्रवारी चर्चेला येतं, अडीचला कामकाज संपतं, आणि तोवर कुणी बोलतच राहिला तर विधेयक तिथल्या तिथे मरतं. बोलणाऱ्याला थांबवायचं तर 'आता पुरे, मत घ्या' असं शंभर जणांना मत द्यावं लागतं. मत म्हणजे होकाराच्या नाहीतर नकाराच्या दालनातून चालत जायचं; दाराशी डोकी मोजतात. नव्व्याण्णव चालत नाहीत.

विधेयक आयवर प्रॉसरचं. देशाच्या दर शंभर पौंड उत्पन्नातले सत्तर पेन्स गरीब देशांच्या मदतीला द्यायचे, दरवर्षी, कायद्याने. आयवर हुशार होता, पण जेवताना शेजाऱ्याकडे मीठ मागायलाही लाजायचा. त्यामुळे माणसं गोळा करायचं काम हेस्टरच्या गळ्यात पडलं. नऊ वर्षं खासदार होती, पण सभागृहात तिच्या नावावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्याआधी सव्वीस वर्षं ती यॉर्कशरच्या एका शाळेत पोरांचं जेवण रांधायची. तिथे दर वसंतात नगरपालिकेचं पत्र येईपर्यंत कळायचं नाही, की पुढच्या वर्षी स्वयंपाकघर चालू राहणार की बंद होणार. पत्र यायचं, स्वयंपाकघर चालायचं. पण ते चार आठवडे वाढताना ती पोरांची नजर चुकवायची. दरवर्षी नव्याने मागावं लागतं, ते देणं कसलं? जगात कुठेतरी कुणीतरी असंच पत्राकडे डोळे लावून बसलं असेल, एवढं तिला कळत होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

सहा आठवडे ती चहाच्या खोलीत लोकांच्या टेबलाशी जाऊन बसली. कुणाला गोंजारलं, कुणाला दटावलं, एकाच्या सासूला फोन केला. शुक्रवारी सकाळी यादीत एकशे एक नावं होती. एक जास्तीचा, वेळप्रसंगाला.

दहा वाजता सर लायनेल बोलायला उभे राहिले. उंच, देखणे गृहस्थ, आवाज मधासारखा. सरकारी पैसा कायद्याने बांधून टाकायला त्यांचा विरोध होता, आणि शुक्रवारी विधेयकं बोलून मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'वर्ष' म्हणजे नेमकं काय, इथून त्यांनी सुरुवात केली.

साडेअकराला आयवरने हेस्टरला बाहेर गाठलं. "मत मोजायला आपल्या बाजूने दोघं लागतात. आपल्या बाकावरची मॉर्वेना तयार आहे. दुसरी तू हो ना."

हेस्टरला उगाचच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. तिने लगोलग दारावरच्या पेटिफरला सांगितलं. काळ्या कोटातला हा द्वारपाल तिथे तीस वर्षं उभा होता.

"अभिनंदन, बाईसाहेब. आपले किती आहेत?"

"एकशे एक. आम्ही दोघी धरून."

पेटिफर घुटमळला. "मोजणाऱ्यांना मोजत नाहीत, बाईसाहेब. ते दाराशी उभे राहतात."

नऊ वर्षांत तिला कुणी मोजायला बोलावलंच नव्हतं, तर कळणार कुठून? नव्व्याण्णव. गावी गेलेल्यांतला सगळ्यात जवळचा खासदारही तीन तासांवर होता. अधिवेशन संपत आलेलं; आज गेलं की गेलंच.

तिने दाराच्या फटीतून आत पाहिलं. सर लायनेलच्या मागच्या बाकावर एडविन मेटकाफ भक्तिभावाने बसला होता. मेंढ्यांचा शेतकरी, तिच्या शेजारच्याच मतदारसंघाचा, पक्ष समोरचा. नऊ वर्षं दर गुरुवारी दोघं एकाच गाडीने घरी जात. तो चहा आणायचा, ती केक कापायची, आणि डॉनकास्टर स्टेशन येईपर्यंत भांडण चालायचं. आज लायनेलला सोबत म्हणून तो थांबला होता.

तिने खुणेने त्याला बाहेर बोलावलं.

"मी विरोधात आहे, हेस्टर. आधीच सांगतो."

"ठाऊक आहे रे. पण मतं दोन होणार. पहिलं, हे बोलणं थांबवायचं की नाही. दुसरं, कायदा हवा की नको. दुसऱ्याला तू खुशाल नकारात जा. फक्त पहिल्याला माझ्या दाराने ये."

"म्हणजे फास तुम्ही आवळणार, मी नुसता दोर धरायचा."

"धर की. बरं, एवढा वेळ तो काय बोलला, सांग बघू."

एडविनने आठवून पाहिलं. "आधी 'वर्ष'. मग 'दरवर्षी'. मग बहुतेक मला डुलकी लागली."

हेस्टर हसली. तो नाही हसला.

"तीस वर्षांचा स्नेह आहे गं. माझ्या बायकोच्या शवपेटीला त्याने खांदा दिलाय. त्याच्या पाठीमागून उठून कसा येऊ?"

हेस्टरने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा धागा झटकला. "मग नको येऊस. जा, त्याच्यापाशी बस."

हे ती मनापासून बोलली, आणि बोलल्यावर ती रडायच्या बेतात आली.

साडेबाराला आयवर उठला, कापऱ्या आवाजात 'आता मत घ्यावं' म्हणाला, आणि अध्यक्षांनी होकारार्थी मान डोलावली. घंटा घणघणली. आठ मिनिटांनी दारं बंद झाली. होकाराच्या दालनातून एकेक जण बाहेर पडू लागला आणि हेस्टर मोजू लागली. तिच्या शेजारी विरोधकांचा मोजणारा उभा होता. सत्याण्णव. अठ्ठ्याण्णव. आयवर, नव्व्याण्णव. मग नुसतीच रिकामी फरशी.

"झालं?" विरोधकांचा मोजणारा गोड हसून म्हणाला.

"दालन रिकामं झालेलं नाही, महाशय," पेटिफर आतून म्हणाला.

एडविन आला. सावकाश, कान लालबुंद, मेंढी बाजारात न्यावी तसा स्वतःलाच ढकलत.

"मोज," तो म्हणाला.

"शंभर," हेस्टर म्हणाली. "अरे, पण लायनेल?"

"त्यालाच सांगून आलो. म्हटलं, बाबा, मला ह्या कायद्याला नाही म्हणायचंय, आणि तू सकाळपासून म्हणूच देत नाहीस."

"मग काय म्हणाला?"

"गाढव म्हणाला. तसं तो मला आधीपासूनच म्हणतो."

मोजणारे चौघं रांगेत उभे राहून अध्यक्षांपुढे वाकले. आकडे वाचायचा मान जिंकलेल्या बाजूचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहाने हेस्टरचा आवाज चिडीचूप ऐकला. होकार शंभर, नकार सहा.

खुद्द विधेयकाच्या मताला शंभराची अट नव्हती. बरं झालं, कारण तेवढ्यात दोघं गाडी पकडायला पळालेसुद्धा. एडविन नकाराच्या दालनात ताठ मानेने गेला. लायनेलने त्याच्यासाठी बाजूला सरून जागा केली. होकार सत्याण्णव, नकार सात. ते सातही हेस्टरने खणखणीत वाचले. पुढे वरच्या सभागृहाने ते संमत केलं, राणीची मोहोर लागली, कायदा झाला. पण तिच्या लेखी तो त्या दुपारीच झाला होता.

बाहेर एडविन टोपी घालत थांबला होता.

"माझं सात जरा घाईत वाचलंस."

"तुझी गाडी चुकेल म्हणून रे. चल."