रुंद केलेल्या पुंगळीचं म्हणणं

मी पुंगळी बोलतेय. बंदुकीतून गोळी सुटली की मागे उरते ती पितळेची रिकामी नळी. मला हातात घेतलं की मोठी माणसं हमखास विचारतात, "हिनं किती मारले असतील?" एकही नाही. माझी गोळी सरावाच्या मैदानात वाळूच्या ढिगाऱ्यात घुसली. त्यांना हे कळलं असतं तर तोंडं पडली असती.

एका पितळी चकतीला दाबून दाबून मला लांब केलं, वर बाटलीसारखी निमुळती मान काढली आणि बुडावर कारखान्याची दोन अक्षरं नि साल ठोकलं. तो कारखाना जेमतेम वर्षभर चालला. माझी भावंडं शोधायला निघालात तर चपला झिजतील.

पण माझी मान माझी राहिली नाही. दुसऱ्याच रायफलीत बसावी म्हणून एका बंदूक दुरुस्त करणाऱ्यानं ती रुंद केली, काठावर कानस फिरवली. मला पुन्हा भरलं, पुन्हा वाजवलं, तीही गोळी वाळूतच गेली. मग एका शिंप्याच्या बटणांच्या डब्यात मी वर्षानुवर्षं पडून राहिले. शिंपी गेला, तेव्हा त्याच्या मुलीनं तो डबा जुन्या वस्तूंच्या दुकानात आणला.

दुकान काकाचं. सगळेच त्याला काका म्हणत. खरी पुतणी एकच, कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेली. प्रत्येक पुंगळीची लांबी, मानेची रुंदी ती व्हर्नियरनं मोजून वहीत लिहायची. तिला फक्त एवढंच हवं होतं, की वस्तूच्या चिठ्ठीवर कधीतरी आपली सही असावी. काका म्हणायचा, "आधी केस पिकू देत." त्याचे पिकले होते, पण उभ्या जन्मात त्यानं व्हर्नियरला हात लावला नव्हता. भिंगातून बूड वाचायचं आणि किंमत सांगायची, झालं काम.

माझं बूड वाचून तो खुर्चीतून उठलाच. "अहो बाई, नशीब काढलंत!" चिठ्ठीवर 'अस्सल, दुर्मीळ' लिहून त्यानं झोकदार सही केली आणि एका संग्राहकाला फोनही लावला. तो तासाभरात येणार होता.

तोवर पुतणीनं मला मोजलं.

"काका, मान मूळची नाहीये. दीड मिलिमीटर जास्त भरतेय. काठावर कानस फिरलीय, बघा."

"जुनं पितळ पसरतं गं."

"पितळ आहे का च्युइंगम?"

शिंप्याची मुलगी फिसकन हसली. तिथंच सगळं नडलं.

"एक परीक्षा धड दिली नाहीस, आणि मला शिकवतेस?" काकानं पॉलिशची बाटली पुढे सरकवली. "घास. ओरखडे गेले की कुणाच्या बापाला कळणार नाही."

"ओरखडे जातील. मान कशी आकसणार?"

"अहो, खरी किंमत सांगा की," शिंप्याची मुलगी म्हणाली. "कमी तर कमी. बाबांची वस्तू मी खोटी नाही विकणार."

पुतणीनं काकाची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'बूड अस्सल, मान नंतर रुंद केलेली.' आणि सही केली. पहिलीच.

"उद्यापासून येऊ नकोस," काका म्हणाला.

व्हर्नियर तिचा स्वतःचा होता. तो खिशात घालून ती निघून गेली. दारही आपटलं नाही. मी असते तर बिजागऱ्यांसकट आपटलं असतं.

संग्राहक आला. चिठ्ठी वाचली, मला स्वतः मोजलं आणि बराच कमी भाव सांगितला. शिंप्याच्या मुलीनं तो हसत कबूल केला. मग त्यानं विचारलं, "हे पकडलं कुणी?"

काका बराच वेळ भिंग पुसत बसला. स्वच्छच होतं ते.

"पुतणीनं," तो म्हणाला. "माझ्याहून तयार आहे ती."

आता म्हणतोस होय रे! पोरगी कोपऱ्यावरून वळून गेल्यावर! तिच्यासमोर हे चार शब्द बोलला असतास तर काय जीभ झडली असती? म्हाताऱ्यांचं हे असंच. शिव्या तोंडावर, कौतुक पाठीमागे.

आता मी संग्राहकाच्या लाकडी खणात कापसावर पडून आहे. ती चिठ्ठी माझ्याच गळ्यात आहे. कुणी घासत नाही, ठोकत नाही. तशी मजेत आहे मी. पण ते शब्द मी ऐकले, आणि जिच्यासाठी होते तिनं ऐकले नाहीत, हे काही मनातून जात नाही.

मला चालता येत नाही. तुम्हाला येतं. जाड भिवयांची, फटकळ तोंडाची एक मुलगी कुठं काही मोजताना दिसली, तर तिला एवढंच सांगा, काका म्हणाला, तू त्याच्याहून तयार आहेस. तो स्वतः जाऊन सांगेल म्हणून थांबू नका.